डावीकडची खोली

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात शिरलं की समोर केसपेपरची खिडकी, उजव्या हाताला डॉक्टरांची ओपीडी आणि डाव्या हाताला एक खोली. तिच्या दारावरच्या पाटीवर 'आयुष' असं लिहिलंय, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे. उजवीकडची रांग व्हरांडा ओलांडून चिंचेखाली गेलेली असते. डावीकडच्या बाकावर तीन-चार बायका, बहुतेक साठी उलटलेल्या, पदरानं वारा घेत बसलेल्या. गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन गेलो, तर ती मला न विचारता डावीकडे वळली.

"अगं, गुडघ्याचं तिकडे दाखवायचंय ना?"

"तिकडे दाखवून झालंय. झीज आहे म्हणाले. झीज आहे ते मलापण कळतं. रोज जिना मी चढते."

आतल्या डॉक्टरीणबाई तिशीतल्या, बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीधर. त्यांनी आईला झोप कशी लागते विचारलं, पोट साफ होतं का विचारलं, सकाळी उठल्यावर गुडघा जास्त धरतो की संध्याकाळी, भात किती खाता, घरात पाणी कोण भरतं, हेही विचारलं. गुडघा दोन्ही हातांत धरून वाकवून पाहिला. मी मनगटावरचं घड्याळ बघत होतो, ती माझी खोड आहे. अकरा मिनिटं लागली. महिन्यापूर्वी उजवीकडच्या खोलीत आईला जेमतेम दोन मिनिटं मिळाली होती, आणि तिथल्या डॉक्टरांचाही त्यात दोष नव्हता, चिंचेखाली माणसं उभी होती. योगराज गुग्गुळाच्या गोळ्या मिळाल्या. महानारायण तेल संपलं होतं. "बाहेरून घ्या, आजी," असं म्हणताना डॉक्टरीणबाई जरा ओशाळल्या.

मी पेशानं लेखापरीक्षक. दुसऱ्यांच्या खर्चाच्या वह्या तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यामुळे बाहेर पडताना डोक्यात आला तो प्रश्न काही फार थोर नव्हता. या खोलीचा खर्च कोण करतं, आणि त्या खर्चाचं पुढे काय होतं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आपणच करतो. १९९५ मध्ये केंद्रात भारतीय चिकित्सापद्धती आणि होमिओपॅथीचा वेगळा विभाग झाला, २००३ मध्ये त्याला 'आयुष' नाव मिळालं आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याचं स्वतंत्र मंत्रालय झालं. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानं प्राथमिक आरोग्य केंद्राच्याच छपराखाली आयुषचे डॉक्टर बसवायला सुरुवात केली, आमची डावीकडची खोली त्यातलीच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आयुष मंत्रालयाला सुमारे ४ हजार कोटी रुपये होते, आरोग्य मंत्रालयाला सुमारे १ लाख कोटी. म्हणजे तिकडच्या शंभर रुपयांमागे इकडे चार. पर्यायी उपचारांवर सरकारनं खर्च करावा की नाही, या वादात दोन्ही बाजूंचे लोक असे तावातावानं बोलतात की जणू निम्मी तिजोरी पणाला लागली आहे. रक्कम लहान आहे म्हणून सोडून द्यावं असंही नाही. लहान रकमेच्या पावत्या मी जास्त बारकाईनं बघतो, कारण मोठ्या रकमेवर सगळ्यांचंच लक्ष असतं.

आमच्या घराची या बाबतीतली वही सरळ नाही, ते आधी सांगतो.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भगंदर झालं होतं, म्हणजे गुदद्वाराजवळ नळीसारखी न भरणारी जखम. दुखणं अवघड जागेचं, त्यामुळे पहिली दोन वर्षं त्यांनी ते कुणाला कळूच दिलं नाही. मग एका खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच. चुलतभाऊ मुंबईला असतो, त्यानं तिथल्या एका सरकारी आयुर्वेद रुग्णालयात नेलं. तिथे क्षारसूत्र लावलं. साध्या लिननच्या दोऱ्यावर थोराच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून एकवीस थर चढवलेले असतात. तो दोरा नळीतून ओवून बांधायचा, दर आठवड्याला बदलायचा. दोरा हळूहळू कापत जातो, मागून जखम भरत येते. अण्णा दर शनिवारी पहाटेच्या गाडीनं जायचे आणि रात्री उशीवर बसून जेवायचे. अडीच महिने हे चाललं. नंतर पुढची नऊ वर्षं, जाईपर्यंत, त्या दुखण्यानं डोकं वर काढलं नाही.

एवढ्यावरून मी क्षारसूत्राचा भक्त झालो असतो तर माझ्या पेशाला शोभलं नसतं. एका माणसाची गोष्ट म्हणजे एक पावती. पण या दोऱ्याची मोठी वहीही आहे. बनारसच्या विद्यापीठात साठच्या दशकात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी जुन्या ग्रंथांतलं हे तंत्र पुन्हा उभं केलं, आणि पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे चक्क आधुनिक वैद्यकाच्या सरकारी संस्थेनं, अनेक केंद्रांवर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला दोरा, एकाला शस्त्रक्रिया. १९९१ मध्ये निकाल छापला. दोऱ्यानं बरं व्हायला आठेक आठवडे लागले, शस्त्रक्रियेनं चार. पण वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण दोऱ्यात शंभरात चार होतं आणि शस्त्रक्रियेत अकरा. वेळ दुप्पट, उलटणं निम्म्याहून कमी. अण्णांना कुणी हे आकडे आधी दाखवले असते तर त्यांनी दोरा निवडला असता की चाकू, सांगता येत नाही. निवडायला आकडे तरी होते.

आता दुसरी पावती. २०२० च्या पावसाळ्यात, टाळेबंदीत मी गावीच अडकलो होतो. केंद्राच्या आयुष मंत्रालयानं जानेवारीअखेरीलाच कोविडपासून बचावासाठी आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या औषधाची शिफारस केली होती, रिकाम्या पोटी तीन दिवस. आपल्या ग्रामविकास विभागानं त्या गोळ्या खेडोपाडी वाटायचं ठरवलं. आमच्याकडे आशाताई घरोघर छोट्या शिश्या देऊन गेल्या. साबुदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्याच त्या, गोड. या '३०' चा हिशेब करून बघण्यासारखा आहे. मूळ द्रावणाचा एक भाग घ्यायचा, नव्व्याण्णव भाग अल्कोहोलात किंवा पाण्यात मिसळायचा. त्यातला एक भाग पुन्हा नव्व्याण्णवात. असं तीस वेळा. म्हणजे मूळ पदार्थ एकावर साठ शून्यं इतका पातळ. बाराव्या खेपेलाच त्या पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपत आलेली असते, पुढच्या अठरा खेपा पाण्यात पाणी. गोळ्यांनी कुणाचं काही बिघडलं नाही, बिघडण्यासारखं त्यांत काही नव्हतंच. पण वाडीतला एक जण दुकानाच्या फळीवर मास्क हनुवटीखाली ओढून बसला होता, त्याला मी हटकलं तर म्हणाला, "आपला डोस झालाय की. सरकारनंच दिलाय."

हे 'सरकारनंच दिलाय' तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

खासगी दुकानातून कुणी गोळ्या घेतल्या, कुणी बाबाकडून पुडी आणली, तर तो त्याचा त्याचा सौदा. सरकारनं दिलं की त्यावर शिक्का बसतो. आमच्या वाडीतल्या माणसाला शोधनिबंध वाचायचे नसतात आणि त्यानं वाचावेत अशी अपेक्षाही चूक आहे. वाचायचं काम त्यानं कर भरून सरकारवर सोपवलेलं असतं. त्याच्या लेखी त्या शिशीचा अर्थ एवढाच, की कुणीतरी शहाण्या माणसानं हे तपासलंय.

तपासलेलं असतं का? इथे कायदा मजेशीर आहे. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आयुर्वेदाच्या पन्नासहून अधिक ग्रंथांची यादी आहे. त्यांपैकी एखाद्यात जसा दिलाय तसाच पाठ वापरून, त्याच दुखण्यासाठी औषध बनवलं, तर ते गुणकारी आहे हे नव्यानं सिद्ध करायची गरज नाही. ग्रंथात आहे हाच पुरावा. मी एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर 'आजोबांच्या वहीत असंच आहे' असा शेरा मारून सही केली तर माझी सनद जाईल.

आणि तपासलं तर काय होतं तेही पाहू. आयुष-६४ नावाचं हिवतापाचं औषध आहे, सरकारच्याच आयुर्वेद संशोधन परिषदेनं तयार केलेलं. २००० मध्ये त्याची क्लोरोक्विन या हिवतापाच्या आधुनिक औषधाशी समोरासमोर तुलना छापून आली. क्लोरोक्विन घेतलेले सगळे बरे झाले. आयुष-६४ घेतलेले जेमतेम निम्मे. एवढं झाल्यावर औषध कपाटात जाईल असं वाटेल. २०२१ मध्ये तेच कोविडसाठी पुढे आलं. त्याच साथीत गुळवेलीचा काढा घराघरांत उकळत होता, आमच्याकडेही. कुंपणावर वेल आहेच. मग मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीगत छापली. गुळवेल घेत असलेल्या या माणसांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयानं तातडीनं खुलासा काढला, की वेल नीट ओळखली नसेल, दुसरीच जात असेल. असेलही. मग आमच्या कुंपणावरची कुठली, हे आईला कोण सांगणार होतं?

पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींत याच्या पुढे गाडी दोनच रुळांवर जाते. एक म्हणतो, हे सगळं थोतांड, पैसा बंद करा. दुसरा म्हणतो, पाच हजार वर्षांची परंपरा, तुम्हाला विलायतेचं सर्टिफिकेट कशाला हवं? विलायतेचं सांगायचं तर तिकडे वेगळाच गोंधळ आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं २०१७ मध्ये डॉक्टरांना होमिओपॅथी लिहून देणं थांबवायला सांगितलं. फ्रान्सनं होमिओपॅथीच्या जवळपास १२०० औषधांची छाननी केली आणि १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या खर्चाची सरकारी विम्यातून मिळणारी भरपाई शून्यावर आणली. २०१८ मध्ये त्यावर सुमारे १२.७ कोटी युरो गेले होते. उलट स्वित्झर्लंडमध्ये २००९ साली जनमत घेतलं, ६७ टक्के लोकांनी पर्यायी उपचारांच्या बाजूनं कौल दिला. औषध चालतं की नाही हे मतपेटीतून ठरवण्याची कल्पना मला तरी झेपत नाही. पण स्विस मतदाराला नेमकं काय हवं होतं, ते आईच्या अकरा मिनिटांत मला थोडंफार दिसलं.

परंपरावाल्या मित्राला मी सर्पगंधेची गोष्ट सांगतो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर, निद्रानाशावर शतकानुशतकं दिली जायची. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन, रक्तदाब मोजून, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलात निबंध लिहिला. जगभर ती मुळी गेली, तिच्यातून रेसर्पिन हे रक्तदाबाचं औषध निघालं. काही रुग्ण त्या औषधानं उदास होतात, हेही कळलं. कळलं कारण मोजलं. अडुळशाचंही तसंच. आजी पानं वाफवून रस काढायची, मध घालून चाटवायची. त्याच अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध तयार झालं, आणि त्याचं पुढचं भावंड अँब्रोक्सॉल. सरकारी दवाखान्यात उजवीकडच्या खोलीत खोकल्याला जी बाटली मिळते, तिच्यात आजीचा अडुळसा तिसऱ्या पिढीत नांदत असतो. खोली बदलली ती मोजमापामुळे.

यावर वैद्य मंडळींचं एक ठरलेलं उत्तर असतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. आयुर्वेदात रोग्याची प्रकृती बघून औषध ठरतं, दोन गुडघेदुखीवाल्यांना दोन वेगळी औषधं, मग एकच गोळी सगळ्यांना देऊन चाचणी कशी घेणार? मलाही हे बरीच वर्षं पटत होतं. मग कोइम्बतूरच्या एका चाचणीबद्दल वाचलं, २०११ मध्ये छापलेली, आमवाताच्या ४३ रुग्णांवरची. वैद्यानं प्रत्येकाला हवं ते औषध हवं तसं ठरवायचं. रुग्णाला मात्र आयुर्वेदिक मिळतंय, मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं आधुनिक औषध मिळतंय, की दोन्ही मिळतंय, हे कळणार नाही, आणि तपासणाऱ्यालाही नाही. नकली काढे, नकली गोळ्या, सगळा जामानिमा केला होता. तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले. रुग्ण थोडे होते, त्यामुळे त्यावरून डंका पिटू नये. पण प्रकृती बघूनही मोजता येतं, हे तर दिसलं. मग पुढची, चारशे जणांची चाचणी का दिसत नाही? चार हजार कोटींतून तिला पैसे कमी पडतील असं मला वाटत नाही.

आणि मोजायला परदेशी प्रयोगशाळाच लागते असंही नाही. आमच्या भागात विंचू म्हणजे मृत्यू, अशी माझ्या लहानपणी धारणा होती. लाल विंचू चावला की आधी मांत्रिक, मग उतारा, मग देवळात. सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर महाडकडच्या सरकारी आरोग्य केंद्रात आला. रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून तो नाडी, रक्तदाब, फुप्फुसात भरणारं पाणी लिहून काढत राहिला. प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध विंचूदंशात कामाला येतं, हे त्यानं दाखवलं, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. शंभरात तीस-चाळीस माणसं जायची, ती एक-दोनवर आली. एक वही, एक रक्तदाब मोजायचं यंत्र आणि न झोपण्याची तयारी, एवढंच त्याच्याकडे होतं.

हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना दुसऱ्या भेटीत ऐकवलं. बाकावर कुणी नव्हतं, पाऊस धो-धो. त्या ऐकून हसल्या. "काका, तुम्ही विचारताय आयुर्वेदाला पैसे द्यावेत का. आधी विचारा, देतात का. मागच्या महिन्यात एमबीबीएस साहेब रजेवर होते, पंधरा दिवस उजवीकडची खोली मीच चालवली. पॅरासिटामॉल, ओआरएस, बीपीच्या गोळ्या, दोन बाळंतपणं, रात्री एक सर्पदंश. माझ्या बरोबरच्या निम्म्या मुली उपकेंद्रावर आहेत, काही १०८ च्या गाडीवर. साडेपाच वर्षं चरक-सुश्रुत शिकलो आणि नोकरी लागली ती दुसऱ्याच कामाची. आणि या खोलीत मी बसते तेव्हा औषधं तीन. त्यातलं एक संपलेलं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे हीच या जमाखर्चातली सगळ्यात मोठी नोंद, आणि ती कुठल्याच खात्यावर नीट पडलेली नाही. खेड्यात एमबीबीएस टिकत नाही, म्हणून राज्य आयुषच्या पदवीधराला तिथे बसवतं. महाराष्ट्रात तर होमिओपॅथांना औषधशास्त्राचा वर्षाचा अभ्यासक्रम करून आधुनिक औषधं देता यावीत म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलला, आणि त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये डॉक्टरांचा संप झाला. पाटीवर पर्यायी पद्धत, आत स्वस्तातलं मनुष्यबळ. वाद मात्र वात-पित्त-कफावर.

"तुमच्याकडे लोक का येतात मग?" मी विचारलं.

"मी ऐकून घेते म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि गुडघ्याला हात लावते म्हणून."

मग मी माझ्या वळणावर गेलो. रजिस्टर बघू का, म्हटलं. त्यांनी निःसंकोच पुढे सरकवलं. लाल पुठ्ठ्याचं, आडवं. अनुक्रमांक, नाव, वय, गाव, तक्रार, दिलेलं औषध, दिलेली मात्रा, सही. सुवाच्य अक्षर, एक खाडाखोड नाही. लेखापरीक्षक म्हणून मी त्या रजिस्टरला पैकीच्या पैकी गुण दिले असते. किती पुड्या आल्या, किती गेल्या, किती उरल्या, पैशापैशाचा मेळ. आईचं नाव दोनदा होतं. दोन्ही ओळींच्या शेवटी मी बोट नेलं. माणसाला बरं वाटलं का, याचा रकानाच नव्हता.

"वरून मागत नाहीत," त्या म्हणाल्या. "मात्रा मागतात."

उजवीकडच्या खोलीतल्या रजिस्टरातही तो रकाना नाही, हे मी नंतर जाऊन पाहिलं. पण तिथल्या गोळीचा तो रकाना दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठेतरी, हजारो माणसांवर आधीच भरलेला असतो. डावीकडच्या बऱ्याचशा गोळ्यांचा कुणीच भरलेला नाही. म्हणून मी 'बंद करा'वाल्यांच्या रुळावर गेलो नाही, आणि 'चालू द्या'वाल्यांच्याही नाही. पुढची पाचएक वर्षं त्या चार हजार कोटींतला मोठा वाटा वाटपावरून काढून या रकान्यावर खर्च करावा. रकाना भरून येईल ते औषध उजवीकडे जावं, क्षारसूत्रासारखं, आणि जे निम्म्यालाही गुण देणार नाही त्याच्यावरचा शिक्का पुसावा, ते कुठल्याही ग्रंथात असलं तरी. आणि ती अकरा मिनिटं दोन्हीकडे मिळावीत. त्यांना पदवी लागत नाही, माणसं लागतात.

घरी येऊन आईला म्हटलं, आपण आपल्यापुरता रकाना भरू. ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, माळ्याचे पैसे लिहीतच असते. ज्या दिवशी जिना चढताना गुडघा धरेल, त्या चौकोनात फुली मारायची, एवढंच. तिला ते पटलं, कारण तिला हिशेब आवडतो. माझी खोड कुठून आली ते उघड आहे. पहिल्या तीन आठवड्यांत सोळा फुल्या पडल्या. गुग्गुळ सुरू होऊन महिना झाल्यावर पुढच्या तीन आठवड्यांच्या मोजल्या, तर नऊ.

मी खूश होऊन म्हटलं, "बघ, फरक पडला की."

आई चष्मा वर करून कॅलेंडरजवळ गेली. बोटानं एकेक चौकोन चाचपत तिनं दोन्ही पानं पुन्हा पाहिली.

"पडला खरा," ती म्हणाली. "पण या तीन आठवड्यांत पाऊसही उघडला होता ना रे."